ड्रायर गरम होतोय पण कपडे ओलेच राहतात, मधेच बंद पण पडतोय. काय करू?

बाळाची_आई_राजारामपुरी

नमस्कार सगळ्यांना. आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो, घरात चार महिन्यांचं बाळ आहे आणि आपल्याकडं जुलै लागला की काय होतं तुम्हाला माहितीच आहे, दोरीवरचे कपडे तीन तीन दिवस वाळत नाहीत, लंगोट दुपट्यांना कुबट वास यायला लागतो. म्हणून फेब्रुवारीतच, बाळ यायच्या आधी, साडेपाच किलोचा ड्रायर घेऊन ठेवला. मागनं पाइप आहे, तो खिडकीतनं बाहेर काढलाय. मे पर्यंत एकदम छान चालला, तासाभरात कपडे कडक वाळायचे. आता अडीच तास लावला तरी टॉवेल ओलसर, आणि चाळीसेक मिनिटांनी आपोआप बंद पडतो, अर्ध्या तासानं परत चालू होतो. वरनं हात लावला तर पत्रा चटका बसेल इतका तापलेला असतो. खोलीच्या काचांवर पण वाफ धरते.

एक मेकॅनिक येऊन बघून गेला, तो म्हणाला हीटर गेलाय, बदलावा लागेल, नाहीतर थर्मोस्टॅट डायरेक्ट करून देतो, म्हणजे तो मधनं काढून वायर सरळ जोडून देतो, मग मधे बंद पडणार नाही. मला काही पटेना. खर्च करायला हरकत नाही पण बाळ शेजारच्याच खोलीत झोपतं, चुकीचं काही करून घ्यायचं नाही. कुणाला अनुभव असेल तर सांगा प्लीज.

कळंबा_४१६

ताई आमच्या ड्रायरला पण असंच झालेलं, फिरायचाच बंद झाला, तर झाकणाखालची ब्रेकची वायर तुटलेली निघाली. लगेच काम झालं. ते एकदा बघून घ्या.

बाळाची_आई_राजारामपुरी

दादा तुमचा सेमी ऑटोमॅटिकमधला असणार, तो नुसता पिळून देतो. माझा वेगळा आहे, गरम हवेनं वाळवणारा. फिरतोय व्यवस्थित.

पाना_पक्कड

ताई, हीटर गेला असता तर गरमच झालं नसतं की. तुमचा पत्रा तापतोय म्हणजे हीटर चांगला आहे. मी उद्यमनगरात वीस वर्षं हेच काम करतोय, वॉशिंग मशीन, ड्रायर, गीझर सगळं, त्यामुळं जरा सविस्तर लिहितो, वाचा.

ड्रायरमध्ये कपडे नुसत्या उष्णतेनं वाळत नाहीत. पाच किलो सुती कपडे मशीनमधनं स्पिन होऊन आले तरी त्यात अडीच तीन लिटर पाणी असतंच. ते सगळं पाणी वाफ होऊन त्या मागच्या चार इंची पाइपातनंच बाहेर जायचं असतं, दुसरी वाट नाही. पाइप कुठं तुंबला की ओली हवा ड्रममध्येच घुमत राहते, कपडे उकडतात पण वाळत नाहीत. आत उष्णता साठली की सेफ्टीचा थर्मोस्टॅट हीटर तोडतो, मोटरलाही आपला वेगळा कटआउट असतो, आणि गार झालं की परत चालू. तुमच्याकडं हेच चाललंय. मशीन स्वतःला वाचवतंय.

म्हणून थर्मोस्टॅट डायरेक्ट अजिबात करू देऊ नका. कुणी कितीही सांगू दे. आत पिंजलेल्या कापसासारखा धागा साठलेला असतो, तो पेटायला वेळ लागत नाही, आणि ते पेटू नये म्हणूनच तर तो थर्मोस्टॅट बसवलेला असतो.

आता घरच्या घरी करायची टेस्ट. मशीन बंद करून प्लग काढा, मागचा पाइप मशीनपासनं सोडवा, खिडक्या सगळ्या उघड्या ठेवा आणि पाइपाशिवाय दहा मिनिटं रिकामा चालवा. मागच्या तोंडापासनं वीतभर लांब हात धरा. हवा जोरात, गरम लागली तर मशीन चोख आहे, दोष पाइपात नाहीतर पाइपाच्या पुढं. हवा हळू लागली तर दोष मशीनच्या आत, म्हणजे फिल्टर किंवा पंख्यात कचरा. पाइप सोडवलाच आहे तर उजेडाकडं धरून आरपार दिसतंय का बघा, आणि मधे झोळ पडलाय का तेही बघा, झोळात पाणी साठून राहतं.

अजून एक. बाळाला तेल लावून पुसलेली दुपटी ड्रायरमध्ये टाकत असाल तर आधी गरम पाण्यात साबणानं नीट धुऊन तेल पूर्ण गेलं पाहिजे. तेलकट कापड गरम गरम ढीग करून ठेवलं तर ते आतल्या आत तापत जातं आणि पेट घेऊ शकतं. शेवटची गार हवेची दहा मिनिटं त्यासाठीच असतात, घाईनं मधेच बंद करून कपडे काढू नका.

वायरमन_शाहूपुरी

पाना_पक्कड यांनी बरोबर सांगितलंय, मी फक्त लाइटचं बघायला सांगतो. हा ड्रायर दोन हजार वॉटच्या आसपास घेतो, म्हणजे २३० व्होल्टला जवळजवळ ९ अँपियर, ते पण तासभर सलग. १६ अँपियरच्या सॉकेटवरच पाहिजे, एक्स्टेंशन बोर्डावर नको. प्लगची पिन काळी पडलीय का, सॉकेट गरम लागतंय का ते चालू असताना बघा. आणि संध्याकाळी व्होल्टेज पडत असेल तर त्यानंही वेळ वाढतो, १९० ला आलं तर हीटर दोन तृतीयांशच उष्णता देतो. पण तुमचं मधेच बंद पडणं व्होल्टेजमुळं वाटत नाही.

कुलकर्णी_काकू_मंगळवार_पेठ

अगं, धागे काढायची जाळी तू रोज झटकत असशील, पण धुतेस का? मी कपड्यांना सुवासिक सॉफ्टनर वापरायचे, त्याचा जाळीवर न दिसणारा थर बसतो. वरनं स्वच्छ दिसते आणि हवा जातच नाही. नळाखाली धर, पाणी वरच थांबलं तर समज. भांड्यांचा साबण आणि जुना टूथब्रश घेऊन घासायची आणि पूर्ण वाळवूनच परत बसवायची. बाळाच्या कपड्यांना तसंही सॉफ्टनर नको, टॉवेल पाणी कमी शोषतात त्यानं. आणि जाळी बसते त्या खाचेत बाटली धुवायचा ब्रश घालून बघ, माझ्याकडं मूठभर बोळा निघाला होता.

बाळाची_आई_राजारामपुरी

सगळ्यांचे मनापासून आभार, आज सकाळी सगळं केलं, सांगते.

काकू, जाळीवर पाणी खरंच थांबलं, तळहातावर थांबावं तसं. घासली. खाचेतनं पण निघाला बोळा, करडा, त्यात बाळाच्या टोपीचं एक बटण. मग पाइप सोडवून चालवला तर मागनं एवढी जोरात हवा आली की भिंतीवरचं कॅलेंडर हललं. म्हणजे मशीन चोख. पाइप उजेडाला धरला, आतनं थोडा धागा होता पण आरपार दिसत होतं. मग माझ्या लक्षात येईना की अडकलंय कुठं.

शेवटी ह्यांनी खिडकीतनं वाकून बाहेरनं बघितलं. मेच्या शेवटी बाळाला डास चावतात म्हणून आम्ही सगळ्या खिडक्यांना बारीक जाळी मारून घेतली होती, आणि जाळीवाल्यानं पाइपाच्या तोंडावरनं पण सरळ जाळी ओढून घेतलेली. त्या गोलावर धाग्याचा जाड थर धरलेला, पावसानं भिजून नमद्यासारखा घट्ट झालेला, बोटानं सोलून काढावा लागला. मे पर्यंत छान चालायचा असं मीच वर लिहिलंय पण जाळीचं डोक्यातच आलं नाही.

तेवढी जाळी कापून काढली. दुपारी दुपटी आणि दोन टॉवेल लावले, पन्नास मिनिटांत कडक. मधे एकदाही बंद पडला नाही. काचांवरची वाफ पण गेली. आता प्रश्न एवढाच की भोक उघडं ठेवलं तर डास, पाली, चिमण्या आत येतील, त्याला काय करायचं?

पाना_पक्कड

लई भारी काम केलंसा दोघांनी. तोंडाला जाळी कुठलीच नको, बारीक नाही आणि मोठी पण नाही. पडदीवाला कव्हर मिळतो चार इंची, हवा आली की पडदी उघडते, बंद झालं की आपोआप पडते. लक्ष्मीपुरीत एक्झॉस्ट फॅनचं सामान ठेवतात त्या दुकानांत विचारा. तोंड खाली झुकलेलं बसवा म्हणजे पावसाचं पाणी आत यायचं नाही. पडदीवर पण धागा धरतो, पावसाळ्यात महिन्यातनं एकदा हात फिरवा. आणि पाइपात धागा होता म्हणताय, तर पाइप प्लॅस्टिकचा असेल तर बदलून अॅल्युमिनियमचा घ्या, जेवढी गरज तेवढाच कापून, ताणून बसवा. जोडाला स्क्रू मारू नका, आत आलेल्या टोकाला धागा अडकतो, नुसता क्लॅम्प आवळा.

कळंबा_४१६

पाना_पक्कड दादा, विषय निघालाच आहे तर, माझ्या बहिणीचा ड्रायर २०२१ च्या पुरात तळमजल्यावर पाण्यात होता, तेव्हापासनं माळ्यावर ठेवलाय. आता वाळलाय तर लावून बघू का?

पाना_पक्कड

नको. तसाच प्लगला लावू नका. मोटर, वायरिंगचे जोड, सगळ्यात गाळ बसलेला असतो, वरनं वाळलेला दिसला तरी. खोलून धुऊन, इन्सुलेशन मेगरवर, म्हणजे इन्सुलेशन मोजायच्या मीटरवर, चेक करून मगच लाइट द्यायची. दुकानावर घेऊन या, खोलून बघतो आणि दुरुस्त करण्यासारखा नसेल तर तसं सांगतो.