लवकर निवृत्ती, दिवसभर दोघं घरात आणि सोबत कुत्रं-मांजर: तुमचे अनुभव

दोघांनीही नोकरी सोडली की प्राण्यावरून होणारे वाद एकदम वाढतात. कशाने वाद मिटले ते मापांसकट लिहा.

---

आधी खाणं. नोकरीच्या दिवसांत सकाळचं एकजण घालायचं, रात्रीचं दुसरं. आता दोघंही समोर असल्याने कुत्रं दोघांकडून वसूल करतं आणि काही महिन्यांत त्याची कंबर दिसेनाशी होते. मग "तूच लाड करतेस", "तुम्हीच ताटातलं टाकता" सुरू.

उपाय डब्याचा. दिवसभराचं खाणं सकाळी वजनकाट्यावर मोजून एका डब्यात काढायचं. दोघांनी जे द्यायचं ते त्यातूनच. डबा रिकामा झाला की त्या दिवसाचं खाणं संपलं. कपाने मोजू नका, दोन माणसं एकच कप कधी सारखा भरत नाहीत. हिशेब असा: नसबंदी झालेल्या १० किलोच्या प्रौढ कुत्र्याला दिवसाला साधारण ६३० किलोकॅलरी लागतात. त्यातल्या जास्तीत जास्त दहा टक्के, म्हणजे ६० च्या आसपास, खाऊसाठी. पाकिटावर १०० ग्रॅमला ३६० किलोकॅलरी लिहिलं असेल तर उरलेल्या ५७० मध्ये कोरडं खाणं बसतं १५८ ग्रॅम. हा आकडा सुरुवातीपुरता. दर पंधरा दिवसांनी कुत्र्याला उचलून काट्यावर उभं राहायचं आणि आपलं वजन वजा करायचं. बरगड्या बोटांना सहज लागायला हव्यात, पण लांबून उठून दिसायला नकोत. वजन उतरवायचं असेल तर आठवड्याला एक ते दोन टक्के पुरे.

---

डब्याच्या मुद्द्याला जोडून: "मी कधीतरीच देतो" हे सगळ्यात घातक. दहा वेळा नाही म्हणून अकराव्यांदा ताटातला तुकडा दिला, तर कुत्रं अकरा वेळा मागायचं शिकतं. रोज देण्यापेक्षा हे मोडायला अवघड. द्यायचं नाही ठरलं तर दोघांनीही नाही. बंद केल्यावर पहिले काही दिवस भुंकणं वाढतं, तेव्हाच एकजण विरघळतो आणि सगळं पहिल्यापासून.

---

आज्ञेचे शब्द कागदावर लिहून फ्रीजवर लावा. एकजण आडवं होण्यासाठी "खाली" म्हणतो आणि दुसरा सोफ्यावरून उतरण्यासाठीही "खाली"च, मग कुत्रं ऐकत नाही म्हणून भांडण कसलं? त्याला कळतच नाही. पाच-सहा शब्द पुरतात.

---

औषधाबद्दल कळकळीने सांगते. दोघं घरात असताना गोळी चुकण्यापेक्षा दोनदा दिली जाण्याची भीती जास्त. सांधेदुखीच्या गोळीत दुप्पट डोस पोटाला आणि मूत्रपिंडाला महागात पडतो. गोळी देणारा एकच ठरवा आणि दिल्याबरोबर कॅलेंडरवर खूण करा. दुसऱ्याने खूण पाहिल्याशिवाय डबीला हात लावायचा नाही. आपल्या गोळ्या वेगळ्या कपाटात. पॅरासिटामॉल मांजराच्या जिवावर बेततं, आयब्युप्रोफेन कुत्रा-मांजर दोघांनाही विषारी. कुत्र्याच्या मानेवर लावायचं परमेथ्रिनचं गोचिडाचं औषध मांजराला अजिबात लावू नका. कुत्र्याला लावल्यावरही ते पुरतं सुकेपर्यंत मांजर लांब ठेवा.

---

फिरवणं वाटून घ्या: सकाळ एकाची, संध्याकाळ दुसऱ्याची. दोघांनी मिळून रोज जायचा उत्साह सुरुवातीला असतो, पण चोवीस तास एका छताखाली राहणाऱ्या जोडप्याला एकमेकांपासून तासभर सुट्टी लागते. ती न मागता मिळते, कुणाला वाईट वाटत नाही. आठवड्यातून एकदा मात्र बरोबर जा.

दुसरी बाजू अशी की सतत माणसांत राहून कुत्र्याची एकटं राहायची सवय मोडते. मग दोघांना एका लग्नालाही जाता येत नाही आणि "तू जा, मी थांबतो" चालू होतं. म्हणून आठवड्यातून तीन-चारदा दोघांनीही बाहेर पडायचं. आधी दोन मिनिटं, मग पाच, दहा, वीस. जुना मोबाइल रेकॉर्डिंगला लावून ठेवा. कुत्रं येरझारा घालत असेल, लाळ गाळत असेल तर वेळ कमी करा. पहिला अर्धा तास सहसा सगळ्यात कठीण, तो शांत गेला की पुढची वेळ भराभर वाढवता येते.

---

मांजरवाल्यांसाठी. मांजर दिवसाचे बारा-चौदा तास झोपतं आणि घर रिकामं असायची त्याला सवय असते. तुम्ही दोघं दिवसभर वावरायला लागलात की ते पलंगाखाली जातं किंवा लिटर बॉक्सच्या (शी-शूसाठी ठेवलेल्या वाळूच्या डब्याच्या) बाहेर करायला लागतं. उंचावर एक जागा द्या जिथे दोघांपैकी कुणीही त्याला उचलणार नाही. लिटर बॉक्स मांजरांच्या संख्येपेक्षा एक जास्त, वाळू साधारण पाच सेंटिमीटर, साफसफाई रोज. वारांप्रमाणे वाटणी केली की "काल कुणी काढलं" हा प्रश्नच राहत नाही. आणि हो, लठ्ठ मांजराला उपाशी ठेवून बारीक करू नका. दोन-तीन दिवस खाल्लं नाही तर यकृतात चरबी साठून जिवावर बेतू शकतं.

---

निवृत्तीनंतर पिल्लू आणायचं असेल तर आधी रात्रीचं ठरवा. तीन महिन्यांचं पिल्लू दिवसा फार तर चार तास लघवी धरतं आणि रात्री एकदा तरी उठवतं. एक रात्र एकाची, पुढची दुसऱ्याची. ज्याची पाळी नाही त्याने वेगळ्या खोलीत झोपावं, नाहीतर दोघंही जागतात आणि सकाळी दोघंही चिडलेले.