तात्यांचं फ्रेंच बुकिंग

तात्या (ए-१०२): नमस्कार मंडळी. जुलैमध्ये आम्ही दोघं लेकीकडं फ्रान्सला, लिओंला चाललोय. तिथून चौघांनी आनसीच्या तलावाकाठी आठवडाभर राहायचं ठरतंय. बुकिंग मी करतो असं जावयापुढं बोलून बसलोय, आता माघार नाही. फ्रेंच कितपत अवघड आहे?

सोनू (सी-२०१): तात्या, शिकताय कशाला? फोन धरा पानावर, सगळं मराठीत येतं.

सेक्रेटरी: हा ग्रुप सोसायटीच्या कामासाठी आहे. मंगळवारी टाकी धुणार आहेत, पाणी भरून ठेवावे.

माई (ए-१०३): भरलं. आता बोलू द्या त्यांना. तुमच्या गुड मॉर्निंगच्या फुलांवर आम्ही कधी काही बोलतो का?

वहिनी (बी-३०४): तात्या, धडधड बोलायला वेळ लागेल. पण बुकिंगसाठी आधी वाचता आलं पाहिजे. मी अकरावी-बारावीची मुलं शिकवते, मार्क पडतात म्हणून फ्रेंच घेतात. कॉफी मागायला सांगा, फाडफाड बोलतील. भाड्याच्या अटींचं पान समोर ठेवलं की चिडीचूप. तुम्ही उलटं करा, अटींपासून सुरुवात. जाहिरात टाका इथं.

तात्या: लेकीनं उच्चारासकट लिहून पाठवलंय. "द पियेस, कात्र पेर्सोन." म्हणजे दोन खोल्या, चार माणसं. दोन जोडप्यांना दोन खोल्या, काम फत्ते.

वहिनी: थांबा, पैसे भरू नका. पियेस मोजताना स्वयंपाकघर आणि बाथरूम धरत नाहीत, हॉल मात्र धरतात. म्हणजे हा आपला वन बीएचके झाला. चौघं मावतात, कारण हॉलमधला सोफा रात्री उलगडतो. त्याला ते क्लिक-क्लाक म्हणतात.

काकू (ए-१०२): जावई सोफ्यावर? मुळीच नाही.

तात्या: एकाच घरातून ग्रुपवर कशाला बोलतेस? इकडं ये की.

वहिनी: काकूंचं बरोबर आहे. "त्र्वा पियेस" म्हणजे तीन खोल्या शोधा, नाहीतर सरळ "द शांब्र" लिहिलेलं बघा. शांब्र म्हणजे झोपायचीच खोली, त्यात हॉल येत नाही. आणि बाथरूमपुढं "साल दो" असेल तर शॉवर असतो, टब नसतो. मजल्याचं मात्र आपल्यासारखंच, तळमजला वेगळा आणि त्यावर पहिला. काकूंचे गुडघे बघता "आसांसर" म्हणजे लिफ्ट आहे का तेही विचारा.

आबा (बी-१०१): वहिनी, तिकडं आमच्या कासच्या होमस्टेसारखं काय असतंय का? घरमालक तिथंच, सकाळी पोहे हातात.

वहिनी: असतं ना आबा. "शांब्र दोत." मालकाच्याच घरातल्या खोल्या, आणि सकाळचा नाश्ता भाड्यातच. कायद्यानं जास्तीत जास्त ५ खोल्या आणि १५ माणसं. तात्या बघतायत तो प्रकार "झीत". त्यात अख्खं घर आपल्या ताब्यात, चूल आपली, झाडूही आपलाच.

आबा: आमच्या सहा खोल्या हायत. तिकडं असतो तर बेकायदाच ठरलो असतो म्हणा की.

तात्या: ॲडव्हान्सचं सांगा. एसटीच्या रिझर्व्हेशन खिडकीवर हयात गेली माझी. खरी भांडणं तिकीट रद्द करतानाच होतात.

वहिनी: तिथंच नीट बघायचंय. ॲडव्हान्सला दोन शब्द आहेत. एक "आर". तो भरून तुम्हीच रद्द केलंत तर पैसे गेले, पण विषय मिटला. धंदा म्हणून भाड्यानं देणाऱ्यानं रद्द केलं तर त्यानं तुम्हाला दुप्पट परत द्यायचे. दुसरा "आकोंत". तो भरला की करार दोघांवर पक्का. मग तुम्ही गेला नाहीत तर उरलेली रक्कमही मागू शकतात. अशा व्यवहारात कागदावर यातलं काहीच लिहिलं नसेल, तर कायदा ते पैसे आर धरतो.

आबा: दुप्पट? फुलांच्या सीझनला लोक हजार रुपये पाठवत्यात आन पाऊस बघून ऐनवेळी फोनच उचलत नाहीत. त्यांच्याकडनं मिळत असतील दुप्पट तर कायदा चांगला हाय.

वहिनी: नाही आबा, दुप्पट तुम्ही द्यायचे. त्यांचे हजार तेवढे तुम्ही ठेवायचे.

आबा: मग आपलं कासच बरं.

सोनू: वहिनी, आत्ताच ॲपमध्ये टाकून बघितलं. दोन्ही शब्दांना "डिपॉझिट" आलं. आणि त्याच पानावर तिसरा शब्द होता, त्याला "सावधानता" आलं.

वहिनी: तो "कोसियों". खरं डिपॉझिट तेच. मोडतोड झाली नाही तर पूर्ण परत मिळतं. बाळा, ॲप वाईट नाही, मीही वापरते. पण पैसे भरायच्या आधी हे तीन शब्द मूळ पानावर डोळ्यांनी शोधायचे.

तात्या: हे मात्र खिडकीवर चिकटवण्यासारखं आहे. आकड्यांचं काय? लेक म्हणते नव्वदला ते चार-वीस-दहा म्हणतात.

वहिनी: हो, आणि सत्तर म्हणजे साठ-दहा. पण एकोणसत्तर म्हणणाऱ्यांनी त्यांना हसू नये. फोनवरच जरा जपून. तिकडं नंबर जोडीजोडीनं सांगतात. साठ ऐकलं की लगेच लिहू नका, पुढं सतरा आलं तर ते सत्त्याहत्तर होतं. म्हणून सगळं ईमेलवर. लेखी ८५,५० दिसलं तर घाबरू नका, ते साडेपंच्याऐंशी युरो. आपल्या टिंबाच्या जागी त्यांचा स्वल्पविराम.

माई: शनिवारी निघणार का? काल काकू शनिवारच म्हणत होत्या.

वहिनी: माई, जुलै-ऑगस्टला बहुतेक झीत शनिवार ते शनिवारच देतात. बुधवारी या म्हटलं तर मिळणार नाही. ताबा दुपारी चार-पाचनंतर, ते १६ किंवा १७ असं लिहितात. भाड्याशिवाय "ताक्स द सेझूर" म्हणजे मुक्कामाचा कर लागतो, दर माणशी दर रात्री, १८ वर्षांखालच्यांना माफ. शेवटची साफसफाई म्हणजे "मेनाझ", बऱ्याचदा वेगळी. आणि "द्रा" म्हणजे चादरी. त्या धरलेल्या नसतील तर घरून न्याव्या लागतात.

काकू: सोलापुरी चादरी नेते मी. चार.

तात्या: बॅगेला २३ किलोची मर्यादा आहे.

काकू: मग तुमचे कपडे कमी करू.

तात्या: वहिनी, ईमेल लिहिलंय. वरती "बोंझूर मादाम", मग "झ वुद्रे रेझेर्वे" म्हणजे बुकिंग करायचंय, तारखा, चार माणसं. नंतर "एस्क ले द्रा सों कोंप्री?" चादरी धरल्यात का. शेवटी "कोर्दियालमाँ". चालेल?

वहिनी: उत्तम! बोंझूर कधी विसरू नका, तोंडीसुद्धा. दुकानात, दारात, लिफ्टमध्ये आधी बोंझूर, मग काम. तसंच कामाला हात घातलात तर समोरच्याचा चेहरा उतरतो. आणि मालकिणीला "वू"च म्हणायचं. तरुण असली तरी आपण होऊन "त्यू"वर यायचं नाही, आपण अनोळखी बाईंना अगं-तुगं करत नाही तसंच.

तात्या: तिथं गेल्यावर प्रत्यक्ष बोलायचं केव्हा?

वहिनी: ताबा घेताना. मालकीण यादी घेऊन घरभर फिरवते, त्याला "एता दे लिय" म्हणतात. सहीची घाई करू नका. नळ सोडून बघा, गॅस पेटवून बघा, खिडक्या उघडा. फुटकी बशी दिसली की बोट दाखवायचं आणि म्हणायचं "से कासे", फुटलंय. ती यादीत लिहून घेईल. नाही लिहिलं तर जाताना कोसियोंतून त्या बशीचे पैसे कापले जातील. गरम पाणी नसेल तर "पा दो शोद". व्याकरण कच्चं आहे, पण तिला कळेल.

सोनू: तात्या, माझ्यासमोर प्रॅक्टिस करा. मी मालकीण होतो.

तात्या: ये. वू म्हणेन तुला.

सेक्रेटरी: वहिनी, एक विचारायचं होतं. व्हिसाला हे बुकिंग दाखवावं लागतं का? आमचाही विचार चाललाय.

माई: आला का सोसायटीचा विषय!

वहिनी: राहण्याचा पुरावा लागतोच, आणि किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा. नातेवाइकाकडं राहणार असाल तर त्यांनी तिथल्या नगरपालिकेतून "आतेस्तासियों दाकय", म्हणजे पाहुणे आमच्याकडं राहणार असं पत्र, काढून पाठवायचं. तात्या, लेकीला आजच सांगा, त्यालाही वेळ लागतो.

काकू: वहिनी, एवढ्या सगळ्यात कुकर आहे का ते कुणी विचारलंच नाही. आठवडाभर भात पातेल्यात शिजवायचा का?

वहिनी: "कोकोत मिन्यूत" असं लिहा काकू. असतो बऱ्याच घरांत.

तात्या: चादरींच्या खाली ओळ वाढवली. पाठवतोय ईमेल.

काकू: शिट्टीवाला आहे का तेही विचारा.