मदत हवी आहे: सोललेला लसूण तेलात आणि मधात घालून ठेवावा का?

नमस्कार मंडळी,

आमच्याकडे सध्या लसणावरून रोज वादावादी चालू आहे, म्हणून इथे विचारते. सासरे ७१ वर्षांचे. गेल्या वर्षी अँजिओप्लास्टी झाली, स्टेंट आहे. बीपीची गोळी चालू आहे, शिवाय रक्त पातळ ठेवायला अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल. सकाळच्या फिरायच्या कट्ट्यावर कुणीतरी सांगितलं की उपाशीपोटी कच्चा लसूण खाल्ला की बीपी आणि कोलेस्टेरॉल दोन्ही उतरतं. तेव्हापासून रोज तीन-चार पाकळ्या, वर गरम पाणी. हल्ली छातीत जळजळ होते म्हणतात, पण लसूण सोडायचं नाव नाही.

रोज सोलत कोण बसणार म्हणून सासूबाईंनी दोन बरण्या भरून ठेवल्यात. एकीत सोललेल्या पाकळ्या शेंगदाणा तेलात बुडवून, दुसरीत मधात. दोन्ही ओट्यावर, गॅसच्या बाजूला. तेलातला लसूण आमटी-भाजीलाही जातो. मधाच्या बरणीला फेस येतोय. आम्ही डोंबिवलीत राहतो. पावसाळ्यात इथे गड्ड्यांना कोंब फुटतात नाहीतर बुरशी धरते, त्यामुळे त्यांचंही अगदीच चुकतं असं म्हणवत नाही.

गोळ्या चालू असताना इतका कच्चा लसूण चालतो का? पुढच्या महिन्यात सासऱ्यांची दाढ काढायची आहे, तेव्हा काही अडचण? आणि बरण्यांचं काय करू? "लोणचं नाही का टिकत वर्षभर?" असं सासूबाई विचारतात आणि मी गप्प बसते.

प्रतिसाद

आधी बरणीबद्दल, कारण ते जास्त घाईचं आहे. तेलातला लसूण ओट्यावर ठेवू नका. आहे तो टाकून द्या. चव घेऊन बघायच्या भानगडीतही पडू नका.

लसूण मातीत वाढतो आणि मातीत क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम नावाच्या जिवाणूचे बीजाणू असतात. एरवी ते निपचित पडून असतात. त्यांना वाढायला हवा नको, आंबटपणा नको, ओल हवी आणि ऊब हवी. तेलात बुडवलेल्या पाकळीत हे सगळं आयतं मिळतं. मग ते जे विष तयार करतात त्याला बहुतेक वेळा ना वास, ना चव, ना रंग. बीजाणू साध्या उकळीने मरत नाहीत, त्याला प्रेशरखाली १२१ अंश लागतात. म्हणून "तेल आधी कडकडीत तापवलं होतं" हा बचाव चालत नाही.

मी कॅनडात राहते. इथे व्हँकूव्हरला १९८५ मध्ये एका रेस्टॉरंटमध्ये खाल्लेल्या ३६ जणांना बोट्युलिझम, म्हणजे याच विषाने होणारा आजार, झाला होता. कारण निघालं तेलातला चिरलेला लसूण, बाटली फ्रिजबाहेर ठेवलेली. १९८९ मध्ये न्यूयॉर्क राज्यात किंग्स्टनला पुन्हा तसंच झालं, आणि मग अमेरिकेत विकायच्या तेल-लसणात आम्ल घालणं सक्तीचं केलं. घरी करायचंच असेल तर थोडं करा, लगेच फ्रिजमध्ये ठेवा आणि चार दिवसांत संपवा.

सासूबाईंना उत्तर: लोणचं टिकतं ते लिंबामुळे आणि मिठामुळे, तेलामुळे नाही. पीएच (आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं आंबट) ४.६ च्या खाली असला की हा जिवाणू वाढत नाही. नुसत्या तेलात आंबट काहीच नसतं.

प्रतिसाद

आमच्या आजीने जन्मभर तेलात लसूण ठेवला, नव्वदीपर्यंत ठणठणीत होती. उगाच घाबरवू नका लोकांना.

प्रतिसाद

वरच्यांना: आजी बरणीत ठेवायची की रोज ताजा ठेचून फोडणीत टाकायची, ते एकदा आईला विचारा. ताज्या फोडणीला कुणाचाच विरोध नाही. हा आजार विरळा आहे हे खरं. पण झाला तर एकाचे दोन दिसू लागतात, पापण्या जड होतात, जीभ अडखळते, गिळता येत नाही, आणि पुढे श्वासाचे स्नायू बंद पडतात. असं काही दिसलं तर घरी थांबू नये.

प्रतिसाद

मी फार्मसिस्ट आहे, गोळ्यांपुरतं बोलते. भाजी-आमटीतल्या लसणाने काही होत नाही. पण कच्चा लसूण रक्तातल्या प्लेटलेट (रक्त गोठायला मदत करणाऱ्या पेशी) एकमेकींना चिकटण्याचं काम थोडं मंदावतो. अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल नेमकं तेच करतात. तिन्ही मिळून रक्तस्राव वाढू शकतो. शस्त्रक्रियेआधी साधारण आठवडाभर जास्तीचा लसूण बंद करायला सांगतात. दाताच्या डॉक्टरांना गोळ्या आणि लसूण दोन्ही सांगा. मात्र स्टेंटच्या गोळ्या हृदयाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक दिवसही बंद करायच्या नाहीत. लोक इथेच घोळ घालतात.

बीपीवर लसणाचा परिणाम दिसतो, पण थोडाच, आणि तो बऱ्याचदा ठरावीक मात्रेच्या कॅप्सूलवर तपासलेला आहे. गोळीची जागा तो घेत नाही. पाकळी अख्खी गिळत असतील तर तेही फुकट. ठेचल्यावर आत जे ॲलिसिन (लसणातला गुणकारी समजला जाणारा घटक) तयार होतं ते अख्ख्या पाकळीत होतच नाही. जळजळ होतेय तर उपाशीपोटी बंदच करा. ठेचलेली एखादी पाकळी जेवणात घेऊ दे, तीही डॉक्टरांना विचारून.

प्रतिसाद

साठवणीचं मी सांगतो, आम्ही संगमेश्वरकडचे. पातीसकट जुडी बांधून चुलीच्या वर, धुराच्या वाटेत टांगायची. फ्लॅटमध्ये ते जमणार नाही, पण प्लास्टिकच्या पिशवीत मात्र ठेवू नका. जाळीची टोपली, कोरडी जागा, वारा लागेल अशी. ओट्याखाली सिंकजवळ नको. गड्डी सोललेली नसेल तर फ्रिजमध्येही नको, बाहेर काढली की कोंब येतात. कोंब आलेला खाल्ला तरी चालतो, चव उग्र लागते इतकंच. बुरशी धरलेली पाकळी मात्र टाकायची. पावसाळ्याआधी सगळा सोलून, ठेचून बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवा. हवी तेवढी वडी काढायची.

धागाकर्ती

सगळ्यांचे आभार. तेलाची बरणी टाकली. सासूबाई दिवसभर बोलल्या नाहीत, मग संध्याकाळी स्वतःच विचारलं, मधाचं काय? आणि लिंबात घातलेल्या पाकळ्या निळसर-हिरव्या पडल्यात, त्याही टाकू का?

प्रतिसाद

निळा-हिरवा रंग लसणातल्या गंधकाचा आणि आंबटाचा खेळ आहे, खुशाल खा. फक्त पाकळ्या रसात पूर्ण बुडालेल्या असू देत आणि बरणी फ्रिजमध्ये. मध घट्ट असतो तोवर त्यात जिवाणू वाढत नाहीत, पण लसणाला पाणी सुटून तो पातळ झालाय, फेस त्याचाच. ओट्यावरची ती बरणीही टाका. घरात वर्षाच्या आतलं बाळ असेल तर त्याला साधा मधसुद्धा चाटवू नका.