गावात गाण्याचा कार्यक्रम, पण कलाकाराले काय द्यायचं?

कापूसवाला: रिकाम्या गोडाऊनमधी महिन्यातून एकदा स्वतःची गाणी म्हणणाऱ्या पोट्ट्यांचा कार्यक्रम ठेवतो, साठेक लोक बसतात, चहा-आलूबोंडा खपते, पण कलाकाराच्या हातात काही उरतच नाही न बावा.

धानपट्टा: झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भातल्या धानाच्या भागात, दिवाळीनंतर नाटकं सुरू झाली का लोक तिकीट काढूनच बसतात, गडचिरोलीतलं वडसा तं या नाटकांचं मार्केटच हाय, मंग गावचा माणूस पैसे देत नाही हे खोटं. गेटचे पैसे कलाकाराचे, बोंड्याचे तुमचे.

खंजिरीवाला: अन् पावसात कोणी आलंच नाही तं? थोडी रक्कम पक्की ठेवा, वरून गेटचं, पेटी-तबलावाल्याचा वाटा आधीच बोलून घ्या. साउंडवाल्याचं भाडंच सगळं खाते, साउंडचा मिक्सर अन् दोन माइक सेकंडहँड घेऊन टाका.

कापूसवाला: अमरावतीले पाहून ठेवला, सोयाबीन निघू द्या.