रोज सफरचंदच कशाला? पेरू काय वाईट आहे?

पथ्यपाणी
आजाऱ्याला भेटायला जाताना सफरचंदं, मुलांच्या डब्यात सफरचंद, अंगात रक्त कमी म्हणूनही सफरचंद. यातलं शेवटचं तर साफ चुकीचं आहे. 100 ग्रॅम सफरचंदात लोह असतं जेमतेम 0.1 मिलिग्रॅम. फोड तांबूस पडते ती लोहामुळे नव्हे. चिरताना पेशी फुटतात आणि त्यातल्या पॉलिफेनॉल या वनस्पतिज द्रव्यांवर एन्झाइम आणि हवा यांची क्रिया होते, म्हणून.

आता पेरू घ्या. 100 ग्रॅममध्ये क जीवनसत्त्व 200 मिलिग्रॅमच्या वर, सफरचंदात 5 च्या आत. चोथा पेरूत 5 ग्रॅमच्या वर, सफरचंदात सालीसकट धरूनही 2.4. रक्तवाढीसाठी फळ हवंच असेल तर पेरूच्या फोडी जेवतानाच खा. भाकरी, उसळ, पालेभाजीतलं लोह क जीवनसत्त्वाच्या सोबतीने जास्त शोषलं जातं. जेवणानंतर दोन तासांनी खाल्लेल्या फोडीचा त्यासाठी फारसा उपयोग नाही.

सालीसकट
लोहाबद्दल सहमत, निष्कर्षाबद्दल नाही. सफरचंदाची ताकद जीवनसत्त्वांत नाहीच, ती पेक्टिनमध्ये आहे. हा विरघळणारा चोथा आतड्यात पित्ताम्लांना, म्हणजे पित्तातल्या चरबी पचवणाऱ्या आम्लांना, धरून ठेवतो आणि ती शौचावाटे बाहेर जातात. नवी पित्ताम्लं करायला यकृत रक्तातलं कोलेस्टेरॉल ओढून घेतं.

ब्रिटनमधल्या रेडिंग विद्यापीठाचा 2020 साली प्रसिद्ध झालेला प्रयोग पाहा. कोलेस्टेरॉल थोडं वाढलेल्या 40 जणांना 8 आठवडे रोज दोन सफरचंदं दिली. तुलनेला तेवढ्याच साखरेचं सफरचंदाचं पेय होतं. फळ खाताना एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, साधारण 4 टक्क्यांनी कमी राहिलं. साल मात्र काढायची नाही, क्वेर्सेटिन हे पॉलिफेनॉल मुख्यतः तिथेच असतं.

पथ्यपाणी
4 टक्के म्हणजे कोलेस्टेरॉलची गोळी बंद करण्याइतके नव्हेत, हे स्पष्ट लिहायला हवं. शिवाय दोन मध्यम सफरचंदांतून 35 ग्रॅमच्या आसपास साखर पोटात जाते. "रोज सफरचंद, डॉक्टर बंद" हे तर अमेरिकेत 2015 मध्ये 8,399 प्रौढांच्या माहितीवर तपासून झालंय. वय, शिक्षण, धूम्रपान वगैरे फरक हिशेबात धरल्यावर डॉक्टरकडे जाणं काही कमी दिसलं नाही. डॉक्टरांनी लिहून दिलेली औषधं लागण्याचं प्रमाण तेवढं किंचित कमी दिसलं.

हिशेबी
पेरूचा आग्रह सरसकट धरू नका, ही कळकळीची विनंती. मूत्रपिंडं अधू असलेल्या ज्या रुग्णांना पोटॅशियम कमी ठेवायला सांगितलंय, त्यांच्यासाठी हा सल्ला धोक्याचा आहे. 100 ग्रॅम पेरूत पोटॅशियम 400 मिलिग्रॅमच्या वर, सफरचंदात 110 च्या आत. शहाळं, केळं, पेरू वर्ज्य असलेल्यांच्या वाट्याला येणाऱ्या मोजक्या फळांत सफरचंद येतं. आजाऱ्यासाठी सफरचंद नेणं एवढ्यापुरतं तरी बरोबर आहे.

मोजूनमापून
मधुमेह असेल तर भांडण सफरचंद की पेरू हे नाहीच, फळ की रस हे आहे. तीन सफरचंदांचा रस दोन मिनिटांत संपतो, तीन सफरचंदं चावून खायला बराच वेळ लागतो. 1977 मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या प्रयोगात कर्बोदकं सारखी ठेवली होती. तरी रसानंतर इन्सुलिन जास्त वाढलं, पुढे साखर जास्त खाली आली आणि पोटही कमी भरलं. गाळलेल्या रसात चोथा जवळजवळ उरत नाही. मध्यम सफरचंदाचं अर्धं, जोडीला पाच-सहा बदाम किंवा मूठभर शेंगदाणे, तेही चहा-बिस्किटाच्या ऐवजी. त्याच्यावर भर म्हणून नको.

पोटपूजा
खाल्ल्यावर काही तासांत पोट फुगत असेल तर सफरचंद सोडून पाहा. त्यात ग्लुकोजपेक्षा फ्रुक्टोज ही फळसाखर जास्त आणि वर सॉर्बिटॉल हा नीट न शोषला जाणारा गोड पदार्थ. लहान आतड्यात न शोषलेला भाग मोठ्या आतड्यात आंबतो आणि गॅस होतो. हळव्या आतड्यांच्या लोकांना पपई, संत्रं किंवा पूर्ण पिकलेला पेरू बहुधा सोसतो. कच्चा, करकरीत पेरू मात्र त्यांनीही टाळावा.

सालीसकट
साल खा म्हटलं तर धुण्याचंही सांगायला हवं. एक लिटर पाण्यात 10 ग्रॅम, म्हणजे सपाट दोन चमचे खाण्याचा सोडा घालून 12 ते 15 मिनिटं बुडवा, मग वाहत्या पाण्याखाली चोळून धुवा. वरवरचं कीटकनाशक बरंचसं निघतं. सालीत मुरलेलं निघत नाही, तिथे सोड्याचा इलाज चालत नाही. चकाकीसाठी लावलेलं मधमाशीचं किंवा कार्नोबा मेण पचत नाही, तसंच बाहेर पडतं.

हिशेबी
एक राहिलं. ॲलर्जीसाठी फेक्सोफेनाडिनची गोळी घेणाऱ्यांनी ती साध्या पाण्यासोबतच घ्यावी. सफरचंदाच्या रसासोबत ती नीट शोषली जात नाही आणि शिंका थांबत नाहीत म्हणून डोस वाढवण्याची पाळी येते.