गिटार बनवायला शिकायचे आहे: जुन्या कारागिरांकडे दीड वर्ष की दोन आठवड्यांचा वर्ग?

दांडियाबाजारकर, बडोदा

नमस्कार मंडळी. एका निर्णयापाशी मी अडलो आहे आणि ज्यांनी स्वतःच्या हाताने लाकूड तासले आहे, त्यांना विचारल्याशिवाय तो घेऊ नये असे वाटते. मी एका कारखान्यात यंत्रांच्या देखभालीचे काम करतो, बारा वर्षांपासून गिटार वाजवतो आणि गेली दोन वर्षे गच्चीवरच्या खोलीत ओळखीपाळखीच्यांच्या मोडक्या गिटारी दुरुस्त करून देतो. आजोबा सुतारकाम करत असत. त्यांचा एक रंधा आणि तीन पटाश्या माझ्याकडे आहेत. गेल्या वर्षी मी यूट्यूबवर बघून एक आख्खी गिटार तयार केली. दिसायला ती बरी झाली, पण आवाज बसका निघाला, आणि या मे महिन्यात ब्रिज (तारा जिथे अडकवतात ती पट्टी) आणि मधले भोक यांच्यामधली फळी चक्क खाली दबली.

शहराच्या बाहेर एक वयस्कर कारागीर आहेत, ते जवळजवळ चाळीस वर्षे गिटारी बनवत आहेत. सगळे त्यांना काका म्हणतात. मी माझी गिटार त्यांना नेऊन दाखवली. त्यांनी वरच्या फळीची जाडी विचारली, मी तीन मिलीमीटर सांगितली. ती कुठे मोजली, असे त्यांनी विचारले, तेव्हा कडेला मोजली हे मला कबूल करावे लागले. मग त्यांनी लांब जबड्याचा कॅलिपर भोकातून आत घालून सहा ठिकाणी मोजले. मध्ये ३.६ आणि डाव्या कडेला २.८ निघाले. "कडेला मोजून मधला हिशेब करतोस होय?" एवढेच ते बोलले.

ते मला शिकवायला तयार आहेत. शनिवार-रविवार पूर्ण दिवस आणि आठवड्यातून दोन संध्याकाळी यायचे, असे दीड वर्ष. ते फी घेणार नाहीत आणि मेहनतानाही देणार नाहीत. पहिले तीन महिने फक्त धार लावणे, रंधणे आणि दुरुस्ती. स्वतःची गिटार नऊ महिन्यांनंतर. दुसरीकडे, परगावी दोन आठवड्यांचा एक वर्ग आहे, ज्यात शेवटच्या दिवशी आपण बनवलेली गिटार घेऊन घरी येता येते. त्याचा खर्च माझ्या दीड महिन्याच्या पगाराइतका आहे. घरच्यांना वर्ग पसंत आहे, कारण त्याला शेवट आहे. आपले मत काय?

रंधा-पटाशी, इंदूर

दोन आठवड्यांच्या वर्गात गिटार तयार होते यात शंका नाही, कारण असा वर्ग मी स्वतः केला आहे. तिथे बाजूच्या पट्ट्या आधीच वाकवून ठेवल्या होत्या, पडद्यांच्या (दांडीवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्यांच्या) खाचा यंत्राने पाडल्या होत्या आणि वरची फळी ठरलेल्या जाडीला घासून आली होती. आम्ही चिकटवले, शिकंजे लावले, पॉलिश केले. गिटार अजून माझ्याकडे आहे आणि वाजतेही बरी. परंतु घरी येऊन दुसरी करायला बसलो, तेव्हा लक्षात आले की ज्या चार-पाच ठिकाणी निर्णय घ्यावा लागतो, त्या प्रत्येक ठिकाणी तो माझ्यासाठी दुसऱ्याच कोणीतरी घेऊन ठेवला होता.

या कामातले गणित कोणत्याही गुरूशिवाय येते. तारेची लांबी ६५० मिलीमीटर धरली, तर तिला १७.८१७ ने भागा; ३६.५ मिलीमीटर येतात, तो पहिला पडदा. उरलेल्या लांबीला पुन्हा त्याच आकड्याने भागत गेले की बारावा पडदा बरोबर मध्यावर, म्हणजे ३२५ वर पडतो. आखताना मात्र प्रत्येक अंतर वरच्या टोकापासूनच मोजावे, एका पडद्यापासून पुढचा मोजू नये, नाहीतर चूक साठत जाते. तुम्ही देखभालीच्या कामातले आहात, तेव्हा यात तुम्हाला नवे काही नसेल.

काकांची गरज त्यानंतर लागते. वरची फळी ज्या स्प्रूसच्या लाकडाची करतात, त्याच्या एकाच ओंडक्यातून निघालेल्या दोन फळ्यासुद्धा सारख्या वागत नाहीत. एक २.५ मिलीमीटरला मोकळी होते, दुसरी २.८ लाच सैल पडू लागते. माझे गुरुजी फळी वरच्या टोकापासून साधारण पावभर अंतर सोडून दोन बोटांत हलकेच धरत, मधोमध अंगठ्याने टिचकी मारत आणि मला कान लावायला सांगत. मग रंध्याचे चार-पाच पातळ छिलके काढत आणि पुन्हा टिचकी. सुरुवातीला मला दोन्ही वेळा सारखेच ऐकू येई. दोन-अडीच महिन्यांनी फरक कळू लागला: आधी आवाज चटकन विझत होता, आता तो रेंगाळत होता आणि थोडा खाली उतरला होता. पुढे ते फळी रेषेच्या, म्हणजे लाकडाच्या तंतूंच्या, आडव्या दिशेने दोन्ही हातांनी किंचित वाकवून बघायला लावत. अशा वेळी किती वाकली म्हणजे थांबायचे, हे त्यांना शब्दांत सांगता येत नसे. ते ती फळी माझ्या हातात देत, मग आधीची देत, मग पुन्हा ही देत.

वरच्या फळीवर एवढा भर का, याचे उत्तर स्पेनच्या आल्मेरियातल्या आंतोनियो दे तोर्रेस या कारागिराने १८६२ सालीच देऊन ठेवले आहे. आवाज मुख्यतः वरच्या फळीतून येतो हे दाखवायला त्याने एक गिटार अशी केली की तिची पाठ आणि बाजू कागदाच्या लगद्याच्या होत्या, वरची फळी मात्र नेहमीसारखी स्प्रूसची. आज आपण जिला क्लासिकल गिटार म्हणतो, तिचा आकार आणि फळीला आतून आधार देणाऱ्या पंख्यासारख्या पट्ट्यांची मांडणी मुख्यतः याच माणसाने रूढ केली. ती कागदी गिटार बार्सिलोनाच्या संगीत संग्रहालयात आहे.

आता पहिल्या तीन महिन्यांविषयी. धार लावण्यात वेळ वाया जातो, असे मलाही वाटत होते. स्प्रूसचा एक तुकडा घ्या आणि त्याच्या आडव्या कापावर, म्हणजे जिथे रेषांची टोके दिसतात तिथे, पटाशी चालवा. धार खरी असेल तर कापलेली जागा चकचकीत निघते. कमी असेल तर मऊ थर दबून चुरा होतो. फळीखालच्या पट्ट्या शेवटी ज्या पटाशीने उतरवायच्या असतात, ती अशीच असावी लागते, कारण तिथे अर्ध्या मिलीमीटरचा हिशेब असतो आणि बोथट पटाशी आपल्याला न विचारता दीड मिलीमीटर घेऊन जाते. मी काकांकडे जा असेच म्हणेन.

तरफ, ग्वाल्हेर

मी गिटारवाला नाही. आमच्याकडे सरोद आणि सितारीची दुरुस्ती चालते, आणि ग्वाल्हेरात सरोदचा मान मोठा, म्हणून काम बऱ्यापैकी येते. शिकाऊ माणसाने पहिले वर्ष फक्त खुंट्या बसवाव्यात, असा आमच्याकडचा जुना शिरस्ता आहे. खुंटीला खडू लावायचा, भोकात फिरवायची, बाहेर काढून खडू कुठे पुसला गेला ते बघायचे आणि तेवढीच जागा कानशीने घासायची. एका वाद्याच्या सगळ्या खुंट्या नीट बसवायला मला सुरुवातीला दोन दिवस लागत. इतके करूनही ते कष्ट मला आज योग्य वाटतात.

तरीही वर इंदूरकरांनी जे चित्र रंगवले आहे, त्याची दुसरी बाजू कोणीतरी सांगायला हवी. तरुणपणी मी एका नावाजलेल्या कारखान्यात शिकायला राहिलो होतो. नाव घेत नाही. आठ महिने मी घासत होतो, पॉलिश करत होतो, चहा आणत होतो. तबलीची (सितारीच्या भोपळ्यावरच्या लाकडी फळीची) जाडी ठरवायची आणि जवारी काढायची, म्हणजे घोडीचा माथा घासून आवाज जुळवायची, वेळ आली की मालक मला बाजारात पाठवत किंवा रात्री दार लावून काम करत. मी परत येई, तेव्हा वाद्य तयार असे. आठ महिन्यांत माझा हात सुधारला हे खरे, पण ज्यासाठी गेलो होतो ते मी एकदाही डोळ्यांनी पाहिले नाही. त्यांना वाटे की पोरगा शिकला तर समोरच दुकान टाकेल, आणि खरे सांगायचे तर ते पूर्ण चूकही नव्हते.

म्हणून माझा सल्ला असा की महिन्यांचा हिशेब करण्यापेक्षा काकांना सरळ विचारा: "आपण फळी पातळ करता आणि खालच्या पट्ट्या उतरवता, तेव्हा मी शेजारी उभा राहू शकेन का?" हात लावू देणार का, हे नंतरचे. उभे राहू देणार असतील, तर तीन महिने फक्त धार लावली तरी काही बिघडत नाही. आणि दुरुस्तीच्या कामाला कमी लेखू नका. बिघडलेल्या वाद्याचे पोट उघडले की ते कोणी, कुठे घाई करून बनवले, सगळे आत लिहिलेले दिसते. चांगल्या वाद्याचे पोट कोणी उघडू देत नाही.

पारा आणि पाऊस, बडोदा

मला शिकण्या-शिकवण्यापेक्षा आपल्या गिटारीच्या दबलेल्या फळीत जास्त रस आहे, म्हणून थोडे त्यावर. खालच्या पट्ट्या आपण पावसाळ्यात चिकटवल्या होत्या का? तसे असेल तर मे महिन्यात जे झाले ते ठरलेलेच होते. लाकूड रेषेच्या आडव्या दिशेने हवेतला ओलावा घेऊन फुगते आणि सोडून आकसते. रेषेच्या लांबीत मात्र जवळजवळ काहीच बदल होत नाही. वरच्या फळीची रुंदी साधारण ३७ ते ४० सेंटीमीटर असते. आपल्याकडे ऑगस्टमध्ये हवेतील आर्द्रता ऐंशी टक्क्यांच्या पुढे जाते आणि उन्हाळ्यातल्या दुपारी ती वीस-तीस टक्क्यांवर येते, तेवढ्यात मोकळी फळी काही मिलीमीटर आकसू शकते. पण खालच्या पट्ट्या तिला आडव्या चिकटवलेल्या असतात आणि त्या आपल्या लांबीत आकसत नाहीत. मग फळी एकतर आत दबते, नाहीतर चिरते. आपली नुसती दबली, हे नशीब समजा.

जगभर बहुतेक कारागीर या पट्ट्या ४५ टक्क्यांच्या आसपासच्या आर्द्रतेत चिकटवतात. बडोद्यात त्यासाठी बंद खोली, एसी किंवा ओलावा शोषणारे यंत्र आणि एक विश्वासाचे आर्द्रतामापक एवढे लागतेच. मापक स्वस्तातले असेल तर आधी तपासा. बाटलीच्या झाकणात मीठ घेऊन त्यावर थोडेसे पाणी घाला, मीठ विरघळू न देता चिखलासारखे ठेवा, झाकण आणि मापक एका हवाबंद पिशवीत आठ-दहा तास राहू द्या. आतली आर्द्रता ७५ टक्क्यांवर स्थिरावते. माझे मापक ८३ दाखवत होते आणि त्याच्या भरवशावर मी दोन वर्षे काम करत होतो.

लाकडाविषयी एक सांगतो. पाठीसाठी आणि बाजूंसाठी शिसवी घ्याल तर डालबर्जिया लॅटिफोलिया आहे याची खात्री करा. फर्निचरच्या दुकानात शीशम म्हणून मिळते ते बहुधा डालबर्जिया सिसू असते. दोन्ही एकाच कुळातली असली तरी लाकूड वेगळे आहे. सराव जुन्या वाड्यांच्या सागवानावर करा आणि चांगल्या लाकडाला नऊ महिने हात लावू नका, या काकांच्या अटीशी मी सहमत आहे.

दांडियाबाजारकर, बडोदा

सर्वांचे मनापासून आभार. काल रविवारी मी काकांकडे जाऊन आलो आणि ग्वाल्हेरकरांचा प्रश्न जवळजवळ त्याच शब्दांत विचारला. ते हसले. म्हणाले, "रात्री मला दिसत नाही, त्यामुळे जे करायचे ते दिवसाच करतो. उभा राहा, फक्त उजेडात येऊ नकोस." भिंतीवर त्यांची एक लांबलचक वही टांगलेली आहे. त्यात प्रत्येक गिटारीच्या फळीची जाडी नऊ ठिकाणची, चिकटवल्याची तारीख आणि त्या दिवशीची आर्द्रता लिहिलेली आहे. ती वही त्यांनी मला न मागता हातात दिली. मी त्यातली चार पाने उतरवून घेतली आणि त्यांनी त्याला काही हरकत घेतली नाही.

पावसाळ्याची शंका खरी निघाली. त्यांनी छोटा आरसा आणि दिवा भोकातून आत घालून दाखवला. एका पट्टीचे टोक फळीपासून सुटलेले आहे, आणि त्याच पट्टीवर माझ्याच अक्षरात पेन्सिलीने १४ ऑगस्ट लिहिलेले आहे. ती पट्टी त्यांनी आताच चिकटवू दिली नाही. आधी गिटार पंधरा दिवस त्यांच्या बंद खोलीत राहील आणि फळी आपल्या जागी येईल, मग सरसाने चिकटवायची, असे ठरले. सरस का, तर पुन्हा सोडवायची वेळ आली तर तो उष्णतेने आणि ओलाव्याने सुटतो.

मग त्यांनी स्प्रूसचा एक तुकडा आणि माझीच पटाशी पुढे केली. आजोबांची ही पटाशी मी दर महिन्याला घासतो आणि हाताच्या पाठीवरचे केस काढून तिची धार तपासतो, म्हणून आत्मविश्वास होता. आडव्या कापावर चालवली तर साबुदाण्यासारखा चुरा पडला. काकांनी त्यांची चालवली, तर तिथे काचेसारखी जागा निघाली.

घरी वर्गाचा विषय मी बंद केला आहे. आईला मात्र अजून वाटते की दीड वर्षात निदान दोन गिटारी तरी विकल्या गेल्या पाहिजेत. येत्या शनिवारी सकाळी आठला बोलावले आहे. तिन्ही पटाश्या घेऊन ये, पण धार लावून आणू नकोस, असे बजावले आहे.