'एकच प्याला'चं अभिवाचन : सिंधूची जबानी कशी वाचावी?

चाफेकळी
आमच्या वाचनालयात राम गणेश गडकऱ्यांच्या 'एकच प्याला' नाटकाचं अभिवाचन करतोय. दीड तासात बसवायचंय. सिंधू वाचणारी मुलगी शेवटच्या प्रवेशाला अडलीये. दारुड्या नवऱ्याच्या, सुधाकराच्या मारानं बाळ गेलं, स्वतः मरायला टेकली, तरी फौजदारापुढे खोटं बोलून त्याला वाचवते! "हे मी मनापासून वाचू शकत नाही," म्हणते. मला तिचं पटतं, पण प्रवेश गाळवत नाही. शिवाय पदांचं काय करू? जाणकारांनी सांगावं.

तिसरी घंटा
ताई, प्रवेश गाळू नका. त्या मुलीला आधी पद्माकर सिंधूला न्यायला येतो तो प्रवेश वाचायला द्या. माहेर श्रीमंत, भाऊ दारात उभा, आणि ती जात नाही. म्हणजे निरुपायानं राहिलेली बाई नाही ही. तो निर्णय बरोबर की चूक, यावर प्रेक्षक घरी जाऊन भांडू देत. जबानी हा त्याच निर्णयाचा शेवट आहे. ती रडत वाचू नये. अंगात त्राण नाही पण शब्द पक्के, असं वाचावं. कारुण्य सुधाकराच्या वाट्याला जातं, कारण त्याला ते ऐकावं लागतं. नंतर तो दारूत विष कालवून घेतो, त्याची सुरुवात या जबानीत आहे.

पदांचं म्हणाल तर गडकरी २३ जानेवारी १९१९ ला गेले आणि नाटक त्यानंतर, फेब्रुवारीत, बडोद्याला बालगंधर्वांच्या गंधर्व नाटक मंडळीनं रंगभूमीवर आणलं. पदं बहुतेक वि. सी. गुर्जरांची. तेव्हा कात्री लावताना हात थरथरू देऊ नका. 'कशि या त्यजू पदाला' मात्र ठेवा. गाणारं कोणी नसेल तर नुसतं वाचा.

वाचनवेडा
गीता कापू नका, एवढीच विनंती. ती सुधाकराच्या कारकुनाची, तळीरामाची बायको, फाडकन बोलते. तिच्याशेजारी सिंधूचं गप्प राहणं उठून दिसतं. दोघींना वाचताना शेजारी बसवा.

चाफेकळी
गीता कापलीच होती हो! परत घेते. आणि सुधाकर? आमचा वाचक पहिल्यापासूनच दारुडा वाटतो.

तिसरी घंटा
सगळीकडे हीच चूक होते. सुधाकर हुशार वकील आहे, मानी आहे. कोर्टात अपमान होतो, वकिलीची सनद जाते, तिथे तो मोडतो. दारू नंतर येते. तळीराम पेला पुढे करतो तेव्हा सुधाकराला तहान नसते, अपमान विसरायचा असतो. त्या ठिकाणी तळीराम वाचणाऱ्यानं खलनायकी आवाज काढू नये. तो त्याचा कारकून आहे, मालकाची काळजी घेतोय असंच वाटलं पाहिजे. भीती त्यातच आहे.

मदिरा मंडळाचे, म्हणजे दारुड्यांच्या बैठकीचे, प्रवेश लांब आहेत, निम्मे करा. तळीरामाच्या आजारपणातले वैद्य-डॉक्टर ठेवा. लोक हसतात आणि मधेच हसू थांबतं.

आणखी एक. गडकऱ्यांची वाक्यं अर्धा पान चालतात. पेन्सिलीनं श्वासाच्या खुणा करून घ्या. दारू का सुटत नाही हे सुधाकर आपल्या मित्राला, रामलालला सांगतो, तिथे तर हमखास.

चाफेकळी
काल तालीम झाली. जबानीच्या वेळी तिनं संहिता मांडीवर ठेवली आणि सुधाकर वाचणाऱ्याकडे बघत, न अडखळता बोलली. त्याचं पुढचं वाक्य पाच-सहा सेकंद आलंच नाही. ती जागा तशीच ठेवतोय.